इंग्लंडमध्ये नव्यानं राहायला आलात? खरकट्याची कॅडी आणि कचऱ्याचे नवे नियम, पायरीपायरीनं

इंग्लंडमध्ये नवं घर लावताना वीज, गॅस, कौन्सिल टॅक्स आणि जीपीकडची (सरकारी आरोग्यसेवेतल्या स्थानिक डॉक्टरकडची) नोंदणी ही कामं सगळे आठवणीनं करतात. कचऱ्याचं तेवढं ‘शेजारी करतात तसं करू’ म्हणून मागं पडतं. मग महिनाभरात काळ्या बिनचं, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या डब्याचं, झाकण बसेनासं होतं, उन्हाळा असेल तर माशा होतात, आणि एखाद्या सकाळी गाडी आपलं बिन तसंच ठेवून पुढं गेलेली दिसते. असं होण्याचं काही कारण नाही. नियम एकदा नीट समजले की हे काम आठवड्याला काही मिनिटांचंच राहतं. आपल्याकडे ओला-सुका वेगळा करायची सवय असलेल्यांना तर आणखी सोपं जातं. फक्त इथली विभागणी थोडी वेगळी आहे आणि फसगत नेमकी तिथेच होते.

आधी, बदललं काय?

2021 च्या पर्यावरण कायद्यानं इंग्लंडमधल्या सगळ्या कौन्सिलांवर, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांवर, ठरावीक वस्तू घरोघरून वेगळ्या गोळा करण्याची जबाबदारी टाकली. त्यातून पुढं आलेल्या नियमांना ‘सिम्पलर रीसायकलिंग’ म्हणतात. त्याआधी प्रत्येक कौन्सिलचा कारभार निराळा होता. एका गावात दह्याचा प्लास्टिकचा डबा चालायचा, रस्त्यापलीकडे दुसऱ्या कौन्सिलची हद्द लागली की चालायचा नाही. आता काच, धातू, प्लास्टिक, कागद-पुठ्ठा आणि अन्न या गोष्टी सगळीकडे घ्याव्याच लागतात. दहा किंवा अधिक पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या कामाच्या जागांना हे 31 मार्च 2025 पासून लागू झालं. म्हणून अनेकांनी खरकट्याचा डबा घरापेक्षा ऑफिसच्या पॅन्ट्रीत आधी पाहिला. घरांसाठी कायद्यातली तारीख 31 मार्च 2026 आहे. प्लास्टिकच्या पातळ पिशव्या आणि वेष्टनं दारातून नेण्यासाठी कौन्सिलांना 31 मार्च 2027 पर्यंत मुदत आहे.

सरकारनं ठरवलेली साधारण रचना चार भागांची आहे: अन्न, कागद-पुठ्ठा, बाकीचं सुकं रीसायकलिंग (प्लास्टिक, धातू, काच), आणि ज्याचं काहीच होऊ शकत नाही तो उरलेला कचरा. अन्न आणि बागेतला कचरा एकत्र घेण्याची मुभा कौन्सिलांना आहे. लेखी कारण देऊन कागद आणि इतर सुकं एकत्र घेण्याचीही आहे. त्यामुळे नावात ‘सोपं’ असलं तरी डब्यांची संख्या आणि रंग गावोगाव वेगळेच राहणार. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम स्वतंत्र आहेत. वेल्समध्ये तर अन्न दर आठवड्याला वेगळं नेण्याची पद्धत बऱ्याच वर्षांपासून आहे. म्हणून कार्डिफच्या मावसभावाचा सल्ला लेस्टरमध्ये जसाच्या तसा वापरू नका.

हा खटाटोप कशासाठी, तेही थोडक्यात सांगतो. अन्न इतर कचऱ्याबरोबर जमिनीत पुरलं की हवेशिवाय कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. जाळायला नेलं तर त्यात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे ते जळायलाही नीट जळत नाही. वेगळं गोळा केलेलं अन्न मात्र बहुतेक ठिकाणी मोठ्या बंद टाक्यांमध्ये जातं. तिथे जिवाणू त्याचा बायोगॅस करतात, त्यातून वीज होते किंवा तो शुद्ध करून गॅसच्या वाहिनीत सोडतात. मागे उरणारा राडा शेतात खत म्हणून पसरतात. आपल्याकडच्या गोबरगॅसचंच हे मोठं रूप आहे. इंग्लंडमधलं घरगुती रीसायकलिंग गेली कित्येक वर्षं 44 टक्क्यांच्या आसपास अडकून पडलंय. ते हलवायचं तर अन्नाला हात घालण्यावाचून गत्यंतर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बहुतेक कौन्सिलांमध्ये उरलेल्या कचऱ्याचं काळं किंवा राखाडी बिन दोन आठवड्यांनी, काही ठिकाणी तीन आठवड्यांनी उचलतात. अन्नाची गाडी मात्र दर आठवड्याला यायलाच हवी, असं कायदाच सांगतो. म्हणून जे जे कुजतं ते सगळं कॅडीत, म्हणजे अन्नासाठीच्या वेगळ्या झाकणाच्या डब्यात, घाला. एवढं सांभाळलंत तर मोठ्या बिनमध्ये वास मारण्यासारखं फारसं काही उरत नाही, ते भरतही नाही आणि माशांचा प्रश्न बराचसा मिटतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच्यासाठीच आहेत.

पायरी 1: पोस्टकोड टाका, आपली कौन्सिल शोधा

सरकारच्या ‘गव्ह डॉट यूके’ या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की तुमची कौन्सिल कोणती ते कळतं. काही भागांत दोन थर असतात. घरचा कचरा उचलते डिस्ट्रिक्ट किंवा बरो कौन्सिल, त्याची विल्हेवाट लावते काउंटी कौन्सिल. तक्रार किंवा मागणी उचलणाऱ्या कौन्सिलकडे करायची. जुनं फर्निचर, रंगाचे डबे असलं काही टाकायच्या मोठ्या केंद्रांची माहिती बहुधा काउंटीच्या पानावर सापडते. लंडनमध्ये तुमचा बरो हीच उचलणारी कौन्सिल.

कौन्सिलच्या पानावर पत्ता निवडला की कुठलं बिन कुठल्या वारी, हे वेळापत्रक मिळतं. ते डाउनलोड करून फ्रिजवर लावा. अनेक कौन्सिलांचं ॲप असतं किंवा ईमेलनं आठवण येते, तीही चालू करून ठेवा. बँक हॉलिडे आणि नाताळच्या आठवड्यात वार सरकतात. गोंधळ हमखास तेव्हाच होतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सल्ल्याबद्दल एक सांगणं. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याचं गाव वेगळं असतं. मिल्टन कीन्समध्ये अन्न आणि बागेतला कचरा एकाच हिरव्या बिनमध्ये जातो. रेडिंगमध्ये अन्नाला वेगळी कॅडी आहे, आणि 2021 साली ती सुरू करताना कौन्सिलनं राखाडी बिनच लहान, म्हणजे 140 लिटरचं करून टाकलं. दोन्हीकडे आपली मराठी घरं आहेत आणि दोन्हीकडची पद्धत आपापल्या जागी बरोबर आहे. तुमच्यासाठी खरं काय ते तुमचा पोस्टकोडच सांगेल.

पायरी 2: कॅडी मिळवा

साधारणपणे दोन डबे मिळतात. एक लहान, पाच ते सात लिटरचा, ओट्यावर किंवा सिंकखाली ठेवायचा. दुसरा मोठा, साधारण 23 लिटरचा, बाहेर ठेवायचा. त्याच्या झाकणाला कुलपासारखी खाच असते. नव्या घरात ते नसतील तर आधी गॅरेज, शेड आणि सिंकखालचं कपाट बघा, कारण आधीचे भाडेकरू बऱ्याचदा तिथेच ठेवून जातात. सापडले नाहीत तर कौन्सिलच्या संकेतस्थळावरून मागवा. अन्न नेण्याचे वेगळे पैसे नसतात. बागेतल्या कचऱ्याचं मात्र तसं नाही, त्यासाठी वार्षिक वर्गणी घेण्याची मुभा कौन्सिलांना आहे आणि पुष्कळ ठिकाणी ती घेतात.

तुमच्या कौन्सिलनं ही सेवा अजून सुरूच केली नसेल तर? तसंही असू शकतं. कौन्सिलांना या बदलासाठी वेगळ्या गाड्या, चालक, डेपोत जागा, लाखो डबे आणि अन्न घेणारा प्रकल्प असं सगळं एकाच वेळी जमवावं लागलं. गाड्या आणि डब्यांच्या खर्चासाठी सरकारनं 295 मिलियन पौंडांपर्यंतचा निधी जाहीर केला, पण सगळ्यांनी एकाच सुमारास मागणी नोंदवली की गाड्या उशिरा येणारच. म्हणून अनेक ठिकाणी सेवा भागाभागानं सुरू होते. शेजारच्या गल्लीत कॅडी आली आणि तुमच्याकडे नाही, याचा अर्थ तुमचं नाव सुटलं असाच नाही. काही कौन्सिलांचे कचरा जाळण्याचे जुने, लांब मुदतीचे करार आहेत, त्यांना नियमांतच पुढची तारीख दिली आहे. तुमच्या कौन्सिलची तारीख तिच्या पानावर दिलेली असते. तोवर अन्न उरलेल्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकणं चूक नाही. फक्त पिशवीची गाठ घट्ट मारा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर चित्र निराळं. तिथे प्रत्येकाला आत ठेवायचा लहान डबा आणि खाली बिनच्या खोलीत सगळ्यांसाठी एक मोठं बिन, अशी सोय असते. फ्लॅटनाही हा कायदा लागू आहे, त्यांना वगळलेलं नाही. बिनच्या खोलीत अन्नाचं बिन दिसत नसेल तर आधी इमारतीच्या मॅनेजिंग एजंटला ईमेल करा, कारण बिन ठेवायला जागा आणि गाडीवाल्यांना आत यायचा कोड त्यालाच द्यावा लागतो. उत्तर आलं नाही तर तोच ईमेल जोडून कौन्सिलला लिहा. घरमालकाला विचारून बघतो म्हणत वर्षभर थांबणारे पुष्कळ असतात. तसं थांबू नका. कौन्सिल टॅक्स तुम्ही भरता, विचारायचा हक्क तुमचा आहे.

पायरी 3: डबा कुठं ठेवायचा, आत काय घालायचं

लहान डबा भाजी चिरता तिथून हात पोचेल असा ठेवा. कपाटाच्या आत, मागच्या बाजूला ठेवलेली कॅडी दोन आठवड्यांत विसरली जाते आणि मग सगळं पुन्हा काळ्या बिनमध्ये जायला लागतं.

आत कोणती पिशवी घालायची, याबद्दल मात्र कौन्सिलचं पान वाचाच. काही कौन्सिलांना फक्त कुजणाऱ्या पिशव्या चालतात, ज्यांच्यावर ‘ईएन 13432’ असा क्रमांक छापलेला असतो. काहींना कोणतीही प्लास्टिकची पिशवी चालते, अगदी ब्रेडचीसुद्धा, कारण त्यांच्या प्रकल्पात पिशव्या यंत्रानं फाडून बाजूला काढतात. हे पहिल्यांदा ऐकून पुष्कळांना खरं वाटत नाही, पण तसंच आहे. जुनं वर्तमानपत्र मात्र बहुतेक ठिकाणी चालतं आणि माझ्या मते तेच सगळ्यात चांगलं. तळाला दोन पानं दुमडून ठेवली की ओल शोषली जाते आणि डबा धुवायला सोपा पडतो.

कुजणाऱ्या पिशव्या ओलाव्यानं लवकर विरघळायला लागतात. पूर्ण भरायची वाट न बघता दोन-तीन दिवसांनी गाठ मारून बाहेरच्या कॅडीत टाका. चहाचा गरम चोथा थेट पिशवीत ओतू नका, तळाला भोक पडतं.

पायरी 4: आपल्या स्वयंपाकघरातलं काय चालतं

कौन्सिलच्या चित्रांत सँडविच आणि केळ्याची साल असते. आपल्या ओट्यावरचं जग वेगळं, म्हणून इथे जरा सविस्तर.

कच्चं आणि शिजवलेलं, दोन्ही चालतं. कांद्या-बटाट्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, कढीपत्ता, आल्या-लसणाची टरफलं, चावून टाकलेला शेवग्याचा चोथा, आंब्याच्या कोयी, अंड्याची कवचं, चहाचा चोथा, शिळी पोळी, भात, उसळ, विटलेलं दही, फार आंबलेलं इडलीचं पीठ, पिझ्झाचा उरलेला तुकडा. मटण-चिकनची हाडं, माशाचे काटे आणि डोकी, कोळंबीची सालंसुद्धा. घरच्या कंपोस्टमध्ये मांस-मासे टाकू नका असं आपण ऐकलेलं असतं, ते तिथे बरोबर आहे. इथे मात्र पुढच्या प्रक्रियेत अन्न ठरावीक तापमानाला तापवलं जातं, म्हणून हाडं चालतात.

पातळ पदार्थांनी खरा घोळ होतो. कॅडीत रस्सा, सांबार, ताक ओतलं की तळाशी डबकं होतं, वास सुटतो आणि उचलताना ते अंगावर सांडतं. सिंकमध्ये जाळीच्या चाळणीतून गाळा, घट्ट भाग कॅडीत टाका. तुपातेलाचा जाड तवंग असेल तर तो आधी पेपरनं पुसून घ्या. तो कागद बऱ्याच कौन्सिलांना कॅडीत चालतो.

तळणीचं तेल हा आपला खास विषय, विशेषतः दिवाळीनंतर. ते सिंकमध्ये कधीच ओतायचं नाही. थंडीत तेल-तूप गटारात गोठतं, त्यात ओले वाइप्स अडकतात आणि दगडासारखे गोळे तयार होतात. 2017 साली पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपलच्या गटारात असा 250 मीटर लांब आणि सुमारे 130 टन वजनाचा गोळा सापडला होता. चमचा-दोन चमचे तेल पेपरनं पुसून टाका. कढईभर असेल तर गार करून झाकणाच्या बाटलीत भरा आणि कौन्सिलच्या रीसायकलिंग केंद्रावर द्या. काही कौन्सिल बाटलीत भरलेलं तेल दारातूनही नेतात.

पूजेच्या निर्माल्याचं काय, हा प्रश्न मला नव्यानं आलेल्यांकडून वारंवार येतो. फुलं आणि पानं काही कौन्सिल अन्नाबरोबर घेतात, काही बागेच्या कचऱ्यात मागतात, ते बघून घ्या. हारातला दोरा, जरी, प्लास्टिकचे मणी, कापूर-अगरबत्तीची वेष्टनं आधी काढा. नैवेद्याचं उरलेलं खाण्याजोगं असेल तर अर्थातच खा. नसेल तर ते स्वच्छ कागदात वेगळं गुंडाळून कॅडीत ठेवा. कुणाला हे मनाला लागतं, ते मी समजू शकतो. पण त्यातून गॅस होतो आणि उरलेलं खत शेतात जातं, काळ्या बिनमधून भट्टीत जाण्यापेक्षा हे नक्कीच बरं. शाडूच्या मूर्तीचं घरीच बादलीत विसर्जन केलं असेल तर माती मात्र कॅडीत टाकायची नाही, ती कुंडीत किंवा बागेत जाते.

नारळाची करवंटी ही शंकेची गोष्ट, कौन्सिलला विचारूनच टाका. ‘कम्पोस्टेबल’ असं छापलेल्या पार्टीच्या ताटल्या आणि वाट्या बहुतेक ठिकाणी कॅडीत चालत नाहीत. शब्दावर विश्वास ठेवून लोक त्या टाकतात आणि सगळी कॅडी परत येते. डायपर, सॅनिटरी पॅड, प्लास्टिकच्या वेष्टनासकट फेकलेलं अन्न, हेही नाही. पाकीट उघडून आतलं अन्न कॅडीत आणि पाकीट त्याच्या जागी.

पायरी 5: गाडीचा दिवस

बहुतेक कौन्सिलांना डबे सकाळी सहा किंवा सातच्या आधी घराच्या हद्दीवर, फुटपाथच्या कडेला हवे असतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी ठेवणं सोयीचं. बाहेरच्या कॅडीची मूठ पुढच्या बाजूला आडवी केली की झाकण अडकतं. हे नक्की करा. लंडनच्या उपनगरांत कोल्हे आहेत, आणि माशाची डोकी असलेली उघडी कॅडी त्यांना लांबून कळते.

कोळंबी किंवा मासे केले आणि गाडीला पाच दिवस असतील तर सालं आणि काटे जुन्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, आदल्या रात्री कॅडीत टाका. उन्हाळ्यात याच्याइतका उपयोगी उपाय दुसरा नाही. गाडी गेली की कॅडी लगेच आत घ्या, गरम पाणी आणि व्हिनेगरनं विसळा, पूर्ण वाळू द्या, मग नवा कागद घाला. अळ्या दिसल्याच तर उकळतं पाणी ओता. त्या कुठून आल्या हे समजून घेतलेलं बरं: अन्न ओट्यावर उघडं असतानाच माशी त्यावर अंडी घालते. म्हणून पानातलं उरलेलं लगेच कॅडीत टाका आणि झाकण लावा.

पायरी 6: सुकं, थोडक्यात

दुधाच्या बाटल्या, दह्याचे डबे, तुपाचे आणि टोमॅटोचे टिन, लोणच्याच्या बरण्या, ॲल्युमिनियम फॉइल, ज्यूसचे कार्टन: विसळून टाका, चकचकीत करायची गरज नाही. लोणच्याची बरणी आधी कागदानं पुसा, तेल तसंच राहिलं तर शेजारचा कागद खराब होतो. तुटलेला पेला, ओव्हनमध्ये वापरायची काचेची भांडी, कपबशा या काचेच्या खात्यात जात नाहीत, त्या वेगळ्या तापमानाला वितळतात. डाळी-पिठांच्या पातळ पिशव्या तुमची कौन्सिल दारातून न्यायला लागेपर्यंत मोठ्या सुपरमार्केटच्या दाराशी असलेल्या डब्यात टाका. बाटल्या आणि कॅनवर डिपॉझिट घेऊन ते परत देण्याची योजना इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2027 मध्ये येणार आहे, ती वेगळी.

बॅटरी आणि वेप (ई-सिगारेट) कुठल्याच बिनमध्ये नाही. गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा त्या फुटून आग लागते आणि आत माणसं काम करत असतात. वापरलेल्या बॅटरी परत घ्यायचे डबे मोठ्या दुकानांत असतात.

पायरी 7: काही बिघडलं तर

गाडी आलीच नाही तर कौन्सिलच्या संकेतस्थळावर ‘मिस्ड कलेक्शन’ नोंदवा. त्याला बहुधा एक-दोन कामकाजाच्या दिवसांची मुदत असते, उशीर केला तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावं लागतं. गाडी आली पण तुमचं बिन उचललं नाही, तर त्यावर चिकटवलेला टॅग वाचा, चुकीची वस्तू काढा आणि पुढच्या वारी ठेवा. दंडाच्या भीतीनं कुणी रीसायकलिंगच सोडू नये. घरगुती बिनच्या चुकीसाठी कौन्सिलला आधी लेखी ताकीद द्यावी लागते.

आई-बाबा काही महिने येऊन राहणार असतील तर त्यांना डब्यांचे रंग पहिल्याच दिवशी दाखवा आणि झाकणांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवा. दिवसभर स्वयंपाकघर तेच सांभाळतात, आणि माझा अनुभव असा की एकदा कारण समजलं की तेच आपल्यापेक्षा काटेकोर होतात. घरात कुणाला बिन ओढणं झेपत नसेल तर कौन्सिलकडे ‘असिस्टेड कलेक्शन’ मागता येतं, मग कर्मचारी दाराजवळून डबे नेऊन परत ठेवतात.

घर सोडताना दोन्ही कॅडी धुऊन तिथेच ठेवा. त्या पत्त्याला दिलेल्या असतात, तुमच्या नावावर नाही. नव्या पत्त्यावर पोचलात की पायरी 1 पासून पुन्हा सुरू करा, गाव तेच असलं तरी वार बदललेला असू शकतो.